वनराई बंधारा खालून का गळतो?

प्रश्न : दिवाळीनंतर आमच्या वाडीने श्रमदानातून ओढ्यावर वनराई बंधारा, म्हणजे माती-वाळू भरलेल्या गोण्यांचा तात्पुरता बांध, घातला. पंधरवड्यात पाणी गोण्यांखालून निसटून गेलं. यंदा काय बदलावं?
– एक वाचक, संगमेश्वर तालुका

उत्तर : पाणी खालून गेलं, म्हणजे बहुधा पहिला थर गाळावरच बसला. गोण्या रचण्याआधी पात्रातला गाळ आणि सुटे गोटे काढून फूटभर चर खणा. कातळ लागला तर त्याच्या खाचांत ओली चिकणमाती ठेचून भरा. दोन्ही टोकं काठात किमान दोन फूट आत न्या, नाहीतर पाणी बगलेतून वाट काढतं.

सिमेंटच्या रिकाम्या गोण्या पाऊणच भरा. इथेच बहुतेकांचं चुकतं. उत्साहाने गच्च भरलेली गोणी गोल होते, शेजारणीला चिकटत नाही आणि फट राहते. तोंड सुतळीने शिवा, विटांच्या भिंतीसारखे सांधे चुकवा. तळाला तीन गोण्यांची रुंदी, वर एकीची. उंची तीन-चार फूट पुरे. पाणी साठणाऱ्या बाजूला चिकणमातीचा जाड थर चोपून लावा. मध्यभाग एक गोणी खाली ठेवा, म्हणजे जादा पाणी तिथूनच सांडेल. ते पडतं तिथे दगड पसरा, नाहीतर पायथा उकरला जातो.

दिवाळीपर्यंत थांबू नका. पाऊस उघडून ओढ्याची धार मंदावली की लगेच कामाला लागा. उन्हाने विरलेल्या गोण्या मात्र मेअखेर उचला, नाहीतर प्लॅस्टिकच्या चिंध्या पहिल्या पुरात नदीला लागतात.