पाठनिरीक्षण आणि ज्येष्ठ सहकारी

प्रश्न : खासगी अनुदानित माध्यमिक शाळेत यंदा माझी पर्यवेक्षिका म्हणून नेमणूक झाली. पाठनिरीक्षणासाठी वर्गात गेले की माझ्याहून ज्येष्ठ असलेले शिक्षक अवघडतात, आणि मी लॉगबुकात लिहिलेल्या शेऱ्यांवर फक्त सह्या होतात. यातून अध्यापन सुधारावे, यासाठी काय करावे?
– एक पर्यवेक्षिका, सांगली जिल्हा

उत्तर : आपल्या सहकाऱ्यांचे अवघडणे समजण्यासारखे आहे. खासगी शाळांतील कर्मचाऱ्यांच्या १९८१च्या सेवाशर्ती नियमावलीत गोपनीय अहवालाची, म्हणजे कर्मचाऱ्याच्या कामाच्या वार्षिक मूल्यमापनाची, तरतूद आहे, त्यामुळे वर्गात मागच्या बाकावर वही घेऊन बसलेली व्यक्ती त्या अहवालासाठीच नोंदी करीत आहे, असे शिक्षकाला वाटते. म्हणून काही निरीक्षणे केवळ अध्यापनाच्या सुधारणेसाठी राखून ठेवावीत, त्यांतील नोंदी गोपनीय अहवालात वापरल्या जाणार नाहीत हे मुख्याध्यापकांशी आधी ठरवून घ्यावे आणि ते शिक्षकांच्या सभेत स्पष्ट सांगावे. एवढे झाल्याशिवाय पुढच्या कोणत्याही उपायाचा उपयोग होणार नाही, असे माझे ठाम मत आहे.

त्यानंतर तासिकेच्या आदल्या दिवशी शिक्षकांना भेटून काय पाहावे हे त्यांनाच विचारावे, आणि एकच मुद्दा निवडावा. समजा, सातवीच्या वर्गात अपूर्णांकांचा भागाकार शिकवायचा आहे आणि मागे बसणारी मुले बोलत नाहीत, अशी शिक्षकांची अडचण आहे. अशा वेळी आपण बैठकव्यवस्थेचा कच्चा आराखडा काढून कोणत्या विद्यार्थ्याला प्रश्न विचारला गेला, उत्तर कोणी दिले आणि उत्तरासाठी किती वेळ थांबले गेले, एवढ्याच खुणा कराव्यात. ‘फलकलेखन सुबक’, ‘वर्गनियंत्रण चांगले’ असे शेरे या कामात निरुपयोगी असतात, कारण उद्या नेमके काय बदलायचे ते त्यांतून कळत नाही. खुणांचा आराखडा मात्र बोलका असतो. तो त्याच दिवशी शिक्षकांपुढे ठेवावा आणि आपले मत देण्यापूर्वी ‘यात आपल्याला काय दिसते?’ असे विचारावे. ज्येष्ठ शिक्षकांना स्वतःच्या वर्गाचे निदान स्वतः करता येते. तो मान त्यांना मिळाला, की पुढचा बदल ते स्वतःच सुचवतात. मग दोन-तीन आठवड्यांनी तोच मुद्दा पुन्हा पाहावा.

प्रशिक्षणाबाबत थोडक्यात सांगायचे, तर २०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात प्रत्येक शिक्षकासाठी वर्षाला किमान ५० तासांचा व्यावसायिक विकास अपेक्षित आहे. हे तास ‘दीक्षा’ या शासकीय ऑनलाइन मंचावरील अभ्यासक्रम पूर्ण करून प्रमाणपत्र मिळवण्यातच संपू नयेत, म्हणून निरीक्षणांत वारंवार दिसलेल्या अडचणींवरून विषय ठरवावेत आणि महिन्यातून एकदा विषयशिक्षकांची बैठक त्यावर घ्यावी. आणखी एक सुचवतो : पहिले निरीक्षण आपल्याच तासिकेचे करण्याची विनंती सर्वांत ज्येष्ठ शिक्षकांना करावी आणि त्यांच्या नोंदी बैठकीत आपण स्वतः वाचून दाखवाव्यात.