रात्रपाळी आणि ब्राह्ममुहूर्त

"आयुर्वेदातली दिनचर्या पाळायची फार इच्छा आहे, पण माझ्या कामाच्या वेळाच तशा नाहीत. मग माझं काय होणार?"

हा प्रश्न मला आता सवयीचा झाला आहे. हॉटेलात रात्री काउंटरवर बसणारी मुलगी विचारते, नर्स विचारते, पहाटे मासळी आणायला जाणारा विचारतो. २०२२ च्या डिसेंबरात गोव्यात धारगळला आयुर्वेदाची मोठी संस्था सुरू झाली, त्यानंतर आमच्याकडे हा विषय घरोघरी निघू लागला. त्याआधी तो फक्त आजीच्या तोंडी असायचा. मी वैद्य नाही, समुपदेशक आहे, त्यामुळे कुठलं तेल चांगलं हे मला विचारून उपयोग नसतो. पण "माझं काय होणार" हे शब्द आले की मी खुर्ची जरा पुढे ओढते.

एका माणसाची गोष्ट सांगते. त्याची परवानगी आहे, आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. घरी आई त्यांना बाबू म्हणते, इथे मीही तेच म्हणते.

बाबू ३९ वर्षांचे, वेर्ण्याला औषधांच्या कारखान्यात मशीन ऑपरेटर. राहायला फोंड्याजवळ. तीन पाळ्या, दर आठवड्याला बदलणाऱ्या. सात ते तीन, तीन ते अकरा, अकरा ते सात. पहिल्या भेटीला पत्नी सोबत होती आणि बोलायला तिनंच सुरुवात केली.

"मॅडम, हे दारू पीत असते तर मी चारचौघांत सांगू तरी शकले असते. पण हे सगळं चांगलंच करतात. चांगलं करणाऱ्या माणसाची तक्रार कुणाकडे नेऊ?"

झालं असं होतं की, आदल्या आठवड्यात तिनं चुकून रात्रीच्या जेवणात दही वाढलं. ह्यांनी ताट असं सरकवलं की ते खाली गेलं. आठ वर्षांची मुलगी समोर बसली होती. त्याआधी महिनाभर कारखान्यात मशीनसमोर उभ्याउभ्या डोळा लागत होता. एकदा गोळ्यांच्या वजनाची नोंद चुकली आणि मेमो मिळाला.

बाबूंनी पिशवीतून वही काढली. खाकी कव्हर घातलेली, शाळेतल्यासारखी. आत पट्टीनं आखलेले १४ रकाने. गजर, कोमट पाणी, जीभ घासणं, गंडूष (तोंडात तेल धरणं), नस्य (नाकात तेलाचे थेंब), अंगाला तेल, सूर्यनमस्कार, प्राणायाम, असं पुढे. जमलं की निळी खूण, राहिलं की लाल. तीन वर्षांची वही. रात्रपाळीच्या आठवड्यांची पानं बघितली तर लाल शाईनं नुसती माखलेली.

मी विचारलं, "रात्रपाळीहून आल्यावर काय करता?"

आठला घरी. मग मध घालून दीड लिटर गरम पाणी, वीस मिनिटं तोंडात तेल धरून बसायचं, अंगाला तेल, व्यायाम, आंघोळ, प्राणायाम. झोपायला अकरा वाजायचे. आणि दोनला गजर, कारण "दिवसा झोपू नये असं लिहिलंय." तीन तासांच्या झोपेवर हा माणूस रात्री परत बस पकडायचा. बाकी दोन पाळ्यांच्या आठवड्यांत पहाटे चारला उठायचा, अगदी तीन ते अकराची पाळी करून बाराला घरी आला असला तरी.

खरं सांगायचं तर त्या क्षणी मला हसू आणि राग दोन्ही आले. राग त्यांच्यावर नव्हे. कुणीतरी कॅमेऱ्यासमोर बसून "हे केलं नाही तर शरीर सडेल" असं ठणकावून सांगतो आणि इथे एक कष्टाळू माणूस ते शब्दशः घेतो, त्या सगळ्या प्रकारावर.

अशा वेळी "एवढं मनावर घेऊ नका" म्हणणं फुकट असतं. ज्याची श्रद्धा ग्रंथावर आहे त्याच्याशी ग्रंथाच्या बाहेर उभं राहून बोललं की तो दार लावून घेतो. म्हणून मी अष्टांगहृदयाची, म्हणजे वाग्भटाच्या आयुर्वेदावरच्या ग्रंथाची, माझी जुनी प्रत काढली आणि आमच्या ओळखीच्या एका वैद्यांना दुसऱ्या भेटीला बोलावलं. शिरोड्याच्या आयुर्वेद महाविद्यालयात शिकलेले, मितभाषी गृहस्थ.

त्यांनी दिनचर्येच्या अध्यायातला पहिलाच श्लोक वाचायला लावला. 'ब्राह्मे मुहूर्त उत्तिष्ठेत् स्वस्थो रक्षार्थमायुषः।' आणि विचारलं, "कोणी उठावं म्हणतात?"

"सगळ्यांनी."

"परत वाचा."

बाबूंनी वाचलं. "स्वस्थो."

"म्हणजे स्वस्थ माणसानं. तुम्ही चार तास झोपून उठता, तुम्ही स्वस्थ आहात का?"

चारचा गजरही तपासला. मुहूर्त म्हणजे ४८ मिनिटं. ब्राह्ममुहूर्त हा रात्रीचा शेवटून दुसरा, म्हणजे सूर्योदयाआधी ९६ मिनिटांनी तो सुरू होतो. आपल्याकडे जूनमध्ये सूर्य सहाच्या सुमारास उगवतो, जानेवारीत सातच्या. म्हणजे पावसाळ्याच्या तोंडावर साधारण साडेचार आणि थंडीत जवळजवळ साडेपाच. बाबू तीन वर्षं थंडीत दीड तास आधीच उठून बसत होते. त्यांचा चेहरा पाहण्यासारखा झाला होता.

गरम पाण्यातला मध तर वैद्यांनी हात जोडूनच बंद करायला लावला. ग्रंथात उष्ण पदार्थांसोबत मध घ्यायला स्पष्ट मनाई आहे. घटाघटा पाणी पिण्याबद्दलही वाग्भट म्हणतो की शरद आणि ग्रीष्म सोडले तर निरोगी माणसानंही पाणी थोडंच प्यावं. आणि अंगाला तेल? अजीर्ण झालेल्याला, कफ झालेल्याला ते वर्ज्य. बाबू जुलैत नाक गळत असताना, सगळं घर ओलंकच्च असताना, रोज तेल चोळत होते. कारण रकाना होता.

मग आली झोप. माझ्या मते या गोष्टीचं मर्म तिथेच आहे. दिवसा झोपू नये हे खरं, पण जिथे हे सांगितलंय तिथेच अपवादांची लांबलचक यादी आहे. प्रवासानं थकलेला, ओझी वाहून थकलेला, म्हातारा, लहान मूल, आणि पुढे, क्रोध, शोक, भय यांनी दमलेला. ज्याला सवय नसताना रात्री जागावं लागलं त्याच्यासाठी तर हिशेबच दिला आहे. जितकं जागरण झालं त्याच्या निम्मा वेळ सकाळी, काही न खाता झोपावं.

बाबू म्हणाले, "हे कोणी सांगितलं नाही."

इथे मी वैद्यांशी थोडा वाद घातला. वाग्भटाचा हिशेब एखाद्या रात्रीच्या जागरणाचा आहे. वेर्ण्याची बस आणि सलग सहा रात्रींची पाळी काही त्याच्यासमोर नव्हती. माझं म्हणणं, निम्म्यावर भागणार नाही, मोठ्या माणसाला चोवीस तासांत सात तासांची झोप मिळायलाच हवी. वैद्यांनी मान्य केलं. ठरलं ते असं. घरी आल्यावर जीभ घासायची, कोमट पाणी अंगावर घ्यायचं (डोक्यावरून गरम पाणी नाही), तळपायांना थोडं खोबरेल, खिडकीला जाड पडदा, मोबाईल आईच्या खोलीत. साडेआठला आडवं. उठाल तेव्हा उठा. मग उकड्या तांदळाची पेज आणि चेपणीतली तोर (मिठात मुरवलेली कैरी). संध्याकाळी निघण्याआधी आणखी तासदीड तास डोळे मिटायचे. व्यायाम फक्त सकाळच्या पाळीच्या आठवड्यात, तोही अर्ध्या शक्तीनं, घाम फुटेपर्यंतच. तेही ग्रंथातलंच.

पेजेबद्दल थोडं. बाबूंनी ती तीन वर्षांपूर्वी बंद केली होती, भात 'वाईट' म्हणून. त्याऐवजी डब्यातलं कसलंसं चूर्ण दुधात. वैद्य म्हणाले, "अहो, मंड, पेया, विलेपी ह्या सगळ्या पेजेच्याच बहिणी. आजाऱ्याला पहिली तीच देतात." आईनं हे ऐकलं तेव्हा म्हणे नुसतंच "हं" केलं आणि मडकं चुलीवर ठेवलं.

एवढ्यावर गोष्ट संपली असती तर मला लिहायचं कारण नव्हतं. आठवड्यानं बाबू आले ते आणखी अस्वस्थ. नीट झोपत होते, पण नव्या वेळापत्रकाचे रकाने आखून! आता साडेआठला झोप लागली नाही की लाल खूण.

तेव्हा मी वही बाजूला ठेवली आणि सरळ विचारलं, "हे सगळं केलं नाही तर काय होईल असं वाटतं? नेमकं काय?"

बराच वेळ काही नाही. मग म्हणाले, "पपांसारखं."

वडील बार्जवर होते. मांडवीतून मुरगाव बंदरापर्यंत खनिजाची वाहतूक. भरती-ओहोटीच्या वेळा सांभाळायच्या, त्यामुळे रात्री-अपरात्री काम. ५४ व्या वर्षी एका सकाळी अंगणात पडले. डावी बाजू गेली, वाचा गेली. सहा वर्षं खाटेवर. बाबू तेव्हा १९ वर्षांचे, कॉलेज सोडून घरी बसले, वडिलांना उचलायचे, पुसायचे. घरात येणारा प्रत्येकजण एकच सांगून जाई, "जागरणं करून करून वात भरला." पुढे बाबूंना नोकरी लागली ती रात्रपाळीची.

त्या १४ रकान्यांचा अर्थ मला तेव्हा कळला. तो आरोग्याचा आराखडाच नव्हता, खाटेपासून लांब राहण्याची धडपड होती. म्हणून एक लाल खूण एवढी जड व्हायची.

मी विचारलं, "रक्तदाब कधी मोजला?"

त्यांनी खाली बघितलं. कारखान्याची वार्षिक तपासणी दोनदा चुकवली होती. तीन वर्षांच्या वहीत १४ रकाने, आणि वडिलांना ज्या कारणानं अर्धांग झालं असण्याची सर्वांत जास्त शक्यता, तो रकाना एकही नाही. "जास्त निघाला तर?" एवढंच म्हणाले, आणि रडायला लागले. मोठा माणूस दाबून दाबून रडतो तसं, खोकल्यासारखं.

अश्रू हाही आयुर्वेदात न अडवायच्या तेरा वेगांपैकी, म्हणजे शरीराच्या नैसर्गिक प्रेरणांपैकी, एक. ते अडवल्यानं काय काय होतं ते सांगून वाग्भट उपाय तीन देतो. झोप, मद्य आणि प्रिय कथा. मी हे वाचून दाखवल्यावर बाबू रडतारडता हसले. "मद्य पण?" पत्नी बाहेर बाकावर बसली होती, तिथूनच म्हणाली, "मद्याचं आधी डॉक्टरला विचारा." आम्ही तिसरा उपाय घेतला. पुढचा तासभर ते वडिलांबद्दल बोलले, पण खाटेवरच्या सहा वर्षांबद्दल नाही. बार्जवर एकदा सोबत नेलं होतं त्याबद्दल. इंजिनाचा आवाज, पहाटेचा काळा चहा, पाण्यावरचं धुकं, आणि वडिलांना रात्रीचं काम मनापासून आवडायचं ही गोष्ट, जी घरात कुणी कधी बोललंच नव्हतं.

आरोग्य केंद्रात रक्तदाब १५० वर ९६ निघाला. वेगवेगळ्या दिवशी परत मोजला, तेवढाच. डॉक्टरांनी गोळी सुरू केली, मीठ कमी करायला सांगितलं. म्हणजे चेपणीतली तोर गेली. पेज राहिली. रात्रपाळीचा रक्तदाबावर, साखरेवर परिणाम होऊ शकतो हे डॉक्टरांनीही लपवलं नाही, आणि पाळी बदलून घेण्याचा अर्ज करायला सुचवलं. अर्ज अजून पडून आहे.

बाबूंना सुरुवातीला गोळी म्हणजे हार वाटली. "एवढं करून शेवटी गोळीच?" मी समजूत घातली नाही. हार वाटत असेल तर वाटू दे, गोळी मात्र रोज घ्या, म्हटलं. वैद्यांनीही तेच सांगितलं, ह्याचं मला बरं वाटलं. सगळेच सांगतात असं नाही.

रकान्यांचं काय करायचं हा प्रश्न उरला होता. एकदम वही फेकायला सांगणाऱ्यांतली मी नाही. सवय चौथ्या हिश्शानं सोडावी आणि चौथ्या हिश्शानं लावावी, हाही चरकापासून चालत आलेला नियम आहे. तो खाण्यापिण्याला लावतात, आम्ही वहीला लावला. १४ चे १०, मग ७. दर वेळी कुठला काढायचा ते बाबूंनी ठरवायचं. गंडूष सगळ्यांत आधी गेलं. "तोंडात तेल असताना मुलीशी बोलता येत नाही," असं कारण दिलं. तळपायाचं तेल त्यांनी शेवटपर्यंत सोडलं नाही, आणि मीही सोडा म्हटलं नाही. ते त्यांना खरंच आवडतं.

मध्ये एकदा घसरण झाली. कारखान्यात त्यांच्याच वयाच्या एकाला हृदयविकाराचा झटका आला आणि बाबूंनी दोन दिवस परत चारचा गजर लावला. तिसऱ्या दिवशी त्यांनीच फोन करून सांगितलं. पूर्वी सांगितलं नसतं.

चवथीनंतर ते दोघं भेटायला आले. रात्रपाळी सांभाळून तीन दिवस आरत्या म्हटल्या, नेवऱ्या खाल्ल्या, दुपारी पाहुण्यांच्या गोंगाटात पडवीत झोपले. मी सवयीनं वही मागितली.

"घरी विसरलो," म्हणाले. मग जरा थांबून, काळजीच्या स्वरात, "मॅडम, विसरायला होणं हेपण वाताचंच लक्षण ना?"

पत्नीनं कपाळावर हात मारून घेतला.