सिंथेसायझर व्हीमधलं मराठी भावगीत यांत्रिक वाटतंय? आधी मिक्सिंग बंद करा

सूर अचूक आहेत, रिव्हर्बही (घुमाराही) दिलाय, तरी सिंथेसायझर व्ही या गाणं गाणाऱ्या सॉफ्टवेअरच्या इंग्रजी आवाजाकडून गाऊन घेतलेलं भावगीत यंत्रासारखं वाटतं, असं तुम्ही लिहिलंय. क्लिप ऐकली. दोष मिक्सिंगचा नाही. रिव्हर्ब, आवाजाची चढउतार आवळणारा कॉम्प्रेसर सगळं काढा आणि नुसता कोरडा आवाज तानपुऱ्यावर ऐका. तिथे तो पटला नाही, तर पुढची मेहनत वाया जाते.

मराठी कान आधी उच्चाराला अडतो. तुमच्या गाण्यात 'काळ'चा 'काल' झालाय, कारण इंग्रजी आवाजाच्या ध्वनिसंचात ळ नाहीच. त्या नोटचं फोनीम, म्हणजे उच्चाराचा संकेत, हाताने बदलून 'एल'च्या (l) जागी 'डीएक्स' (dx) टाका. अमेरिकन माणूस 'वॉटर' म्हणताना ट जसा निसटता लावतो, तो हा उच्चार. हुबेहूब ळ नव्हे, पण ओळीत चालून जातो. 'तारा'चा 'टारा' होतोय तिथे तेवढ्या नोटची भाषा जपानी करा. जपानी त दातांना लागतो, आपल्यासारखाच.

आता खरं काम. तुमच्या मुखड्यात 'प'वरून 'ग'वर थेट उडी आहे. आपला गायक तिथे मधल्या 'म'ला पुसटसा स्पर्श करून उतरेल. हा कण, म्हणजे निसटता स्पर्शस्वर, पिच डेव्हिएशनमध्ये (सूर वरखाली करण्याच्या रेघेत) काढा: 'ग'च्या सुरुवातीला 100 सेंट, म्हणजे अर्धा स्वर वर, शुद्ध 'म', आणि 60 ते 80 मिलिसेकंदांत खाली. रेघ सरळ नको, गोलाई हवी. पण असे कण ओळीत एक-दोनच. प्रत्येक नोटवर दिलेत तर तेही यांत्रिकच वाटतील, आणि शब्द झाकले जातील ते वेगळंच.

लांब सुरांवर आपोआप येणारं व्हायब्रेटो (सुराची थरथर) मात्र काढून टाका. भावगीतात सूर आधी स्थिर लागतो. ओळीच्या शेवटच्या सुरावरच, तोही अर्धा सरल्यावर, हलकं आंदोलन ठेवा. श्वासासाठी 'बीआर'ची (br, श्वासाचा संकेत) नोट घाला, पण आधीची नोट तेवढी आखूड करा; श्वासाला जागा लागते.

आणि कोरससाठी तोच ट्रॅक कॉपी करू नका, त्याने आवाज फक्त मोठा होतो. रीटेक घेऊन, म्हणजे सॉफ्टवेअरकडून तेच पुन्हा गाऊन घेऊन, वेगळी आवृत्ती काढा आणि तिच्यातले स, श थोडे दाबा, म्हणजे दोन्हींचे फुसकारे एकावर एक आदळणार नाहीत.