पुतण्याने टूरिस्ट गाडी घ्यावी का, आणि चालकविरहित गाड्यांचे काय

सिन्नरहून आपण विचारले आहे की पुतण्याला कर्ज काढून टूरिस्ट परवान्याची गाडी घ्यायची आहे, पण दहा वर्षांत गाड्या आपोआप चालू लागणार असतील तर त्याने या धंद्यात उतरावे का, आणि यंदा अठरा पूर्ण करणाऱ्या आपल्या मुलीला ड्रायव्हिंग शिकवण्यात तरी अर्थ उरणार आहे का. नाशिकमध्ये आधी टूरिस्ट गाड्या चालवण्यात आणि नंतर नवे चालक तयार करण्यात माझी उमेदीची वर्षे गेली आहेत, त्या आधारावर लिहितो. माझे मत असे की माणसाचे ड्रायव्हिंग एखाद्या ठरलेल्या साली बंद पडणार नाही. ते एकेका रस्त्यावरून हटत जाईल. म्हणून पुतण्याची गाडी कोणत्या रस्त्यावर कमावणार आहे, हे आधी पाहावे लागेल.

बाहेरच्या बातम्या खोट्या नाहीत. २००४ साली अमेरिकेच्या संरक्षण खात्याच्या संशोधन संस्थेने वाळवंटात चालकाविना गाड्यांची शर्यत ठेवली, तेव्हा एकाही गाडीला बारा किलोमीटरसुद्धा नीट जाता आले नाही; पुढच्याच वर्षी पाच गाड्यांनी २१२ किलोमीटरचा पूर्ण मार्ग पार केला. २०२० च्या ऑक्टोबरपासून अमेरिकेतल्या फिनिक्स शहराच्या परिसरात वेमो कंपनीच्या टॅक्सीत चालकाच्या जागी कोणीही नसताना सामान्य प्रवासी बसतात. पण याला दुसरी बाजूही आहे. ऑक्टोबर २०२३ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत दुसऱ्या गाडीने उडवलेली एक महिला क्रूझ कंपनीच्या चालकविरहित गाडीसमोर येऊन पडली. ती गाडी तिला धडकून थांबली आणि मग कडेला जाण्याच्या प्रयत्नात तिला सुमारे सहा मीटर फरफटत घेऊन गेली. त्याच महिन्यात कॅलिफोर्नियाने कंपनीचा परवाना स्थगित केला आणि डिसेंबर २०२४ मध्ये क्रूझची मालक असलेल्या जनरल मोटर्सने त्या टॅक्सी-प्रकल्पाला पैसा देणेच थांबवले. माणसाकडून अपघात झाला तर एका चालकाचा परवाना जातो. यंत्राकडून झाला तर त्याच्यासारख्या सगळ्या गाड्या उभ्या राहतात. जाहिरातीतला वेग आणि रस्त्यावरचा वेग यांत अंतर पडते ते यामुळे.

आपल्याकडे नितीन गडकरी यांनी २०१७ मध्ये आणि पुन्हा २०२३ मध्ये सांगितले की चालकांचा रोजगार जाईल, म्हणून अशा गाड्या भारतात येऊ देणार नाही. मंत्र्यांच्या शब्दावर कर्ज काढू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. धोरण बदलते, मंत्रीही बदलतात. रस्ता कसा आहे, यावरून जास्त खात्रीने बोलता येते. दिल्ली मेट्रोच्या मजेंटा मार्गावर डिसेंबर २०२० पासून चालकाविना गाडी धावते, कारण त्या रुळांवर आडवे कोणी येत नाही. आपल्या परिसरात याच्या जवळ जाणारा रस्ता एकच, तो म्हणजे समृद्धी महामार्ग. जून २०२५ पासून त्याचे पूर्ण ७०१ किलोमीटर खुले आहेत, मोटारींना १२० ची मर्यादा आहे आणि दुचाकी व रिक्षांना तिथे मज्जाव आहे. तासन्‌तास सरळ रस्ता पाहून डोळा लागणे हा तिथला मोठा धोका, आणि यंत्राला झोप येत नाही. त्यामुळे महाराष्ट्रात यंत्राच्या हाती पहिला रस्ता जाईल तो हाच, आणि बहुधा आधी ट्रकांसाठी. तेही सुखासुखी होणार नाही. टेक्सासमध्ये डॅलस ते ह्यूस्टन मार्गावर ऑरोरा कंपनीने २०२५ मध्ये चालकाविना मालवाहतूक सुरू केली आणि काही आठवड्यांतच ट्रक बनवणाऱ्या कंपनीच्या आग्रहावरून पुढच्या सीटवर निरीक्षक बसवावा लागला.

आता टोमॅटोच्या हंगामात पिंपळगाव बसवंतच्या रस्त्याला संध्याकाळी एकदा जाऊन पाहा. पुढच्या गाडीपासून अंतर राखून आपोआप वेग कमी-जास्त करणारी गाडी तिथे चालवली की ती पुढे शिस्तीने अंतर सोडते. त्या अंतरात क्रेट भरलेली पिकअप शिरते, गाडी ब्रेक मारते, मागचा हॉर्न मारतो, पुन्हा अंतर पडते आणि पुन्हा कोणीतरी शिरते. जरा पुढे दिवा नसलेली ट्रॉली घेऊन ट्रॅक्टर उलट दिशेने येत असतो, कारण दुभाजकातली पुढची फट त्याला लांब पडते. आमचे बहुतेक चालक ओझरच्या आधीच ती सोय बंद करून टाकतात, आणि त्यात त्यांचे काही चुकते असे मला वाटत नाही. पावसाळ्यात कसारा घाटात धुके उतरले की रस्त्यावरचे पांढरे पट्टे गाडीच्या कॅमेऱ्याला दिसेनासे होतात, आणि मदतीची खरी गरज असते नेमक्या त्याच वेळी पडद्यावर सूचना येते की ही सुविधा सध्या उपलब्ध नाही. सप्तशृंगी गडाच्या वळणावर वरून बस येते आहे हे हॉर्नच्या आवाजावरून ओळखून आधीच खाली थांबणे, हे यंत्राला शिकवणे अशक्य नाही. पण त्यावर पैसा खर्च करायला कोणाला घाई नाही.

खरी काळजी मधल्या काळाची आहे, म्हणजे गाडी अर्धी स्वतः चालते आणि अर्धी जबाबदारी माणसाची असते तेव्हाची. २०१८ मध्ये अमेरिकेत टेम्पी येथे उबरच्या चाचणीतल्या गाडीखाली रस्ता ओलांडणारी महिला ठार झाली, तेव्हा लक्ष ठेवण्यासाठी बसवलेली व्यक्ती मोबाईल पाहत होती. १ जून २००९ रोजी एअर फ्रान्सचे विमान ४४७ अटलांटिकमध्ये कोसळून २२८ जण गेले. वेगमापक नळ्या बर्फाने बंद झाल्यामुळे स्वयंचलित यंत्रणा सुटली आणि वैमानिकांना पाच मिनिटांच्या आत विमान सावरता आले नाही. प्रशिक्षित वैमानिकांचे हे होते, तर आठवड्यातून एकदा गाडी काढणाऱ्याचे काय होईल? शिवाय ब्रिटनने २०२४ च्या कायद्यात ठरवले आहे की मान्यताप्राप्त गाडी स्वतः चालत असताना तिच्या चालवण्याबद्दल सीटवरच्या व्यक्तीवर खटला होणार नाही. आपल्या १९८८ च्या मोटार वाहन कायद्यात अशी तरतूद नाही. गाडीने कितीही मदत केली तरी पोलीस ठाण्यात नाव चालकाचेच लागते.

म्हणून मुलीला जरूर शिकवा, आणि सगळ्या मदती बंद करून शिकवा. चढावर हँडब्रेक सोडत गाडी मागे न सरकवता उचलणे, उतारावर ब्रेक तापू न देता दुसऱ्या गिअरवर उतरणे, रात्री समोरचा प्रखर दिवा आला की नजर डाव्या कडेला नेणे, एवढे अंगवळणी पडल्यावरच ऑटोमॅटिक गाडी हाती द्यावी. पेठ रोडच्या आरटीओत परीक्षा पास होणे हे त्या मानाने किरकोळ काम आहे.

पुतण्याने गाडी घेण्यास माझी हरकत नाही. मात्र कर्ज पाच वर्षांत फिटेल असे ठेवावे, सात वर्षांचे घेऊ नये. सगळी कमाई मुंबई विमानतळाच्या फेऱ्यांवर बेतू नये, कारण इगतपुरी ते भिवंडीजवळचे आमणे हा टप्पा समृद्धीचा आहे आणि माणसाचे काम सर्वांत आधी तिथेच घटेल. त्र्यंबक, वणी, शिर्डी अशी वयस्कर यात्रेकरूंची कामे धरावीत. आजींना हात देऊन उतरवणे, चपला सांभाळणे, दर्शन होईपर्यंत थांबणे आणि वाहनतळावरून वेळेवर गाडी काढणे, याचेच पैसे तिथे मिळतात आणि गिऱ्हाईकही पुन्हा त्याच मुलाला फोन करते. गाडी चालवण्याच्या परवान्याच्या बाबतीत, सर्वोच्च न्यायालयाच्या नोव्हेंबर २०२४ च्या निकालानंतर ७,५०० किलोपर्यंतच्या टॅक्सीसाठी हलक्या मोटार वाहनाचा परवाना पुरतो. २०२७ च्या सिंहस्थावर मात्र हिशेब मांडू नये: २०१५ मध्ये पर्वणीच्या दिवशी बाहेरची वाहने शहराबाहेरच्या तळांवर अडवून भाविकांना एसटीने पुढे नेले होते, त्यामुळे ऐन गर्दीच्या दिवशी टूरिस्ट गाडी उभीच राहण्याची शक्यता जास्त.