पेट्रोल कार सिग्नलला थांबली की बंद पडते, धावताना ठीक चालते. फ्युएल पंप बदलावा का?

तुम्ही लिहिलंय की ॲक्सिलरेटरवर थोडा पाय ठेवला की इंजिन चालू राहतं, घाटातही गाडी कुरकुरत नाही, आणि तरीही गॅरेजवाले पंप बदला म्हणताहेत. एवढ्यावरून मी तरी पंपाचे पैसे लगेच मोजणार नाही. पंप थकला की बहुतेक वेळा आधी चढावर दगा देतो, चार माणसं आणि सामान भरलेलं असताना, कारण पेट्रोल तेव्हाच सगळ्यात जास्त लागतं. आयडलिंगला, म्हणजे पाय ॲक्सिलरेटरवर नसताना, इंजिन पेट्रोल पिऊन पिणार किती?

मी मेकॅनिक नाही. पण याच दुखण्यापायी माझे साडेअकरा हजार गेलेत, म्हणून सांगण्याचा थोडा हक्क आहे. माझी २०११ची हॅचबॅक, सव्वा लाख किलोमीटर झालेली. स्वारगेट ते कात्रज या रस्त्यावर ती चार-चारदा बंद पडायची आणि मागच्या रिक्षावाल्यांकडून मी काय काय ऐकलंय ते इथे लिहिता येणार नाही. एका गॅरेजनं प्लग बदलले, दुसऱ्यानं इंजिनात जाणारी हवा कमीजास्त करणारी थ्रॉटल बॉडी साफ केली, तिसऱ्यानं पंप टाकला. प्रत्येक वेळी दोन दिवस गाडी बरी वाटायची. कदाचित पैसे दिले म्हणूनच वाटत असेल.

शेवटी हडपसरकडच्या एका वयस्कर मिस्त्रींकडे नेली. त्यांनी स्कॅनर काढलाच नाही. पहिला प्रश्न, "साहेब, नेमकी कधी मरते?" मग बॉनेट उघडून, इंजिन चालू ठेवून, पक्कडीला फडकं गुंडाळलं आणि मॅनिफोल्डला, म्हणजे इंजिनात हवा वाटणाऱ्या नळ्यांना, जाणारे रबरी पाईप एकेक करून चिमटत गेले. तिसरा पाईप दाबला आणि इतका वेळ थरथरणारं इंजिन एकदम शांत झालं, रडणाऱ्या पोराच्या पाठीवर हात ठेवावा तसं. पीसीव्हीचा, म्हणजे इंजिनातली ऑइलची वाफ परत आत ओढणाऱ्या व्हॉल्व्हचा पाईप होता. वरून ठणठणीत, पण कोपऱ्यावर खालच्या बाजूला, ऑइलच्या वाफेनं रबर फुगून मऊ झालेलं आणि नखाएवढी चीर. पाईप २६० रुपयांचा.

असं का होतं ते कळलं की बाकीचं सोपं जातं. आयडलिंगला थ्रॉटलची झडप जवळजवळ मिटलेली असते. एरवी हवा खिडकीतून येते, तेव्हा ती दाराच्या फटीतून येते म्हणा. इंजिन ७००-९०० आरपीएमवर कसंबसं तग धरून असतं. त्यात नखाएवढ्या चिरेतून न मोजलेली हवा शिरली तर तेवढ्यानंही मिश्रण पातळ होतं, म्हणजे हवा जास्त आणि पेट्रोल कमी. तुम्ही ॲक्सिलरेटर दाबलात की खिडकीच उघडते, मग त्या चिरेला कोण विचारतो. माझ्या गाडीत येणारी हवा मोजणारा मॅफ सेन्सर आहे, म्हणून चिरेतली हवा त्याच्या हिशेबातून सुटायची. बऱ्याच छोट्या गाड्यांत त्याऐवजी मॅनिफोल्डमधला दाब मोजणारा मॅप सेन्सर असतो. तिथे अशा गळतीनं बंद पडण्याआधी रेस चढते किंवा वरखाली होत राहते.

तेव्हा मिस्त्रींचाच प्रश्न तुम्हाला विचारतो. नेमकी कधी मरते? चार दिवस मोबाईलमध्ये टिपून ठेवा.

ब्रेक दाबला की मरते का? हे लोकांच्या लक्षातच येत नाही, कारण सिग्नलला थांबणं आणि ब्रेक दाबणं एकदमच होतं. गाडी सपाट जागी न्यूट्रलला, हँडब्रेक ओढलेला, इंजिन चालू. आता ब्रेक पाच-सहा वेळा दाबा. दर वेळी आरपीएम पडत असेल आणि पेडलपाशी सुस्स आवाज राहत असेल, तर ब्रेक दाबायला मदत करणाऱ्या बूस्टरचा पडदा किंवा त्याचा पाईप फुटलाय. हे निघालं तर बाकी सगळं सोडून आधी तेच करा, कारण प्रश्न ब्रेकचा आहे.

फक्त एसी लावल्यावर मरत असेल तर थ्रॉटल बॉडीत काजळी बसल्याचा संशय मी आधी घेईन. सकाळी गार असतानाच मरत असेल तरी तेच, आणि जोडीला कूलंटच्या तापमानाचा सेन्सर. साफ करताना थ्रॉटल क्लिनरच वापरा, पॉलिश पेपर नको. इलेक्ट्रॉनिक थ्रॉटलची झडप बोटानं ढकलू नका. नंतर काही गाड्यांना आयडलिंग नव्यानं शिकवावं लागतं. बॅटरी बदलल्यावर अचानक हा त्रास सुरू झाला असेल तर हे शिकवणं राहिलं हेही कारण असू शकतं.

पेट्रोल भरून निघाल्याबरोबर मरते का? मग पर्ज व्हॉल्व्ह उघडा अडकलाय का ते बघायला सांगा. टाकीतली पेट्रोलची वाफ तो इंजिनात सोडतो. ऑटो कट झाल्यावरही "राउंड फिगर करा" म्हणायची आपली सवय आहे ना, त्यात पेट्रोल वाफ साठवणाऱ्या कॅनिस्टरमध्ये जाऊन हे दुखणं ओढवतं.

सीएनजी किट असेल तर ते लिहायला हवं होतं. गॅसवर ठीक आणि पेट्रोलवर मरत असेल तर वर्षानुवर्षं न वापरलेले पेट्रोल इंजेक्टर बुजलेले असू शकतात. उलट असेल तर आधी प्लग, मग गॅसचा फिल्टर.

आणि बंद पडताना आरपीएमच्या काट्याकडे बघा. थरथरत, हेलकावे खात खाली आला तर हवा-पेट्रोलचं गणित बिघडलंय. इंजिन तापल्यावर काटा दिवा विझावा तसा फटकन शून्यावर, आणि वीस मिनिटांनी गाडी पुन्हा सुरू, असं असेल तर इंजिन किती फिरतंय ते सांगणाऱ्या क्रँक सेन्सरवर संशय घ्या.

कुणी "स्लो (म्हणजे आयडलिंगचा आरपीएम) वाढवून देतो" म्हणालं तर हात जोडा. कार्बोरेटरच्या काळात तो उपाय होता. आता थ्रॉटलचा तो स्क्रू कंपनीतून लावून येतो, फिरवला की मूळ दोष झाकला जातो आणि नवा सुरू होतो.

स्कॅनर लावणार असाल तर नुसता कोड विचारू नका, फ्युएल ट्रिमचे, म्हणजे गाडीचा कॉम्प्युटर पेट्रोल किती टक्के वाढवतोय किंवा घटवतोय त्याचे, आकडे बघायला सांगा. आयडलिंगला अधिक २० च्या आसपास आणि २५०० आरपीएमला शून्याजवळ आले, तर कुठेतरी हवा गळतेय. दोन्हीकडे जास्त असतील तर पेट्रोल कमी पडतंय आणि तुमचे गॅरेजवाले बरोबर असू शकतात. तेव्हाही पंप बदलण्याआधी प्रेशर गेज लावून दाखवायला सांगा. तुमच्या मॉडेलला किती बार (दाबाचं माप) हवेत ते गॅरेजच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये असतं. गेज नसेल तर दुसरं गॅरेज शोधा.

तोवर चालवताना एक सांभाळा. गाडी चालतीत बंद पडली तर स्टीअरिंग जड होईल आणि ब्रेकला एक-दोन दाबांपुरतीच मदत उरलेली असेल. ब्रेक पंपासारखा मारू नका, एकदाच दाबून धरा.

टिपलेलं इथेच लिहा. काटा कसा पडतो ते विसरू नका.