अंड्यात असतानाच बोलणारी कासवं

प्रश्न: मार्चमध्ये वेळासला पिल्लं समुद्रात सोडताना बघितली. तिथे कळलं की मादी अंडी घालून जाते ती परत फिरकतच नाही. आता व्हॉट्सअ‍ॅपवर व्हिडिओ आलाय की अ‍ॅमेझॉनमधली कासवीण पिल्लांशी बोलते. खरं की फेकाफेकी? – एक वाचक, चिपळूण

उत्तर: ह्या खेपेला व्हॉट्सअ‍ॅप चक्क खरं बोलतंय! वेळासची ऑलिव्ह रिडले समुद्रातली, व्हिडिओतली ती अराऊ, अ‍ॅमेझॉन आणि ओरिनोको नद्यांमधली. मादीची पाठ 80 सेंटीमीटरपर्यंत जाते, नर तिच्यापुढे अगदीच किरकोळ. नदी उतरली की वाळूचे पट्टे उघडे पडतात, तिथे माद्या झुंडीने वर येतात, खोल खड्डा खणतात आणि एकेक जण लिंबाएवढी गोल अशी शंभरेक अंडी घालते. इथपर्यंत बरंचसं वेळाससारखंच, पण मग ती जातच नाही ना, किनाऱ्याजवळच पाण्यात थांबते, दोन-दोन महिने! ब्राझीलच्या त्रोंबेतास नदीत संशोधकांनी पाण्याखाली माइक सोडले तेव्हा हा उलगडा झाला, 2013 साली ते छापूनही आलं. आवाज इतका बारीक आणि खालच्या पट्टीतला की आपल्या कानाला पत्ताच लागत नाही, म्हणून कासव बिचारं इतकी वर्षं मुकं ठरलं. पिल्लं तर अंड्यात असतानाच आवाज काढायला लागतात, पाण्यात उतरली की माद्याही आवाज देतात आणि मग सगळा घोळका मिळून पुराच्या पाण्यात बुडालेल्या जंगलाकडे निघतो. पिल्लांवर ट्रान्समीटर लावून हे तपासलंय. भरवणं वगैरे काही नाही हं, फक्त सोबत.

प्रश्न: शंभर-शंभर अंडी, तरी ही कासवं कमी का झाली? – एक वाचक, सांगली

उत्तर: अंडीच नडली. एकोणिसाव्या शतकात त्यांचं तेल काढायचे, दिव्याला आणि स्वयंपाकाला. हेन्री बेट्स हा इंग्रज निसर्गअभ्यासक तेव्हा तिथेच होता, त्याचा हिशोब वर्षाला 4 कोटी 80 लाख अंड्यांचा! रिकाम्या होडीत अंडी ओतायची, लाकडी काट्यांनी चेचायची, कधी पोरंसोरं आत उड्या मारून पायांनीच तुडवायची, वर पाणी घालून उन्हात ठेवायचं आणि तेल तरंगलं की शिंपल्यांच्या लांब डावांनी काढून घ्यायचं.