अमेरिकेतल्या लॅटिनो हायस्कूल विद्यार्थ्यांसाठीच्या नेतृत्व शिबिरांचा खरंच उपयोग होतो का?

तुम्ही लिहिलंय की डॅलसजवळच्या एका शाळेत तुम्ही स्वयंसेवक म्हणून जाता, दहावीतल्या दोन मेक्सिकन-अमेरिकन मुलींना एखाद्या नेतृत्व शिबिराला पाठवावं असं मनात आहे, पण हा नुसता प्रमाणपत्रं वाटण्याचा प्रकार तर नाही ना, अशी शंका येते. मी टेक्सासमध्येच हायस्कूलला गणित शिकवते. माझ्या वर्गातली बहुतेक मुलं लॅटिनो, म्हणजे लॅटिन अमेरिकेतून आलेल्या घरांतली. उपयोग होतो, आणि चांगलाच होतो. फक्त शिबिरात मुलांच्या हाती काय सोपवलं जातं, ते बघून निवडा.

याचं सर्वात मोठं उदाहरण लॉस एंजेलिसचं आहे. मालिबूच्या कॅम्प हेस क्रेमरमध्ये १९६३ पासून मेक्सिकन-अमेरिकन हायस्कूल विद्यार्थ्यांची शिबिरं भरू लागली. साल कास्त्रो हे शिक्षक त्यात पुढे होते. वेगवेगळ्या शाळांतली मुलं तिथे एकत्र बसून आपापल्या शाळेबद्दल बोलायची. स्पॅनिश बोललं म्हणून शिक्षा होते, कॉलेजचं नाव काढलं की सुतारकामाच्या नाहीतर टायपिंगच्या वर्गाकडे वळवलं जातं, हे आपल्या एकट्याच्याच वाट्याला आलेलं नाही, हे त्यांना तिथे कळलं. मार्च १९६८ मध्ये ईस्ट लॉस एंजेलिसच्या शाळांतून हजारो मुलं वर्ग सोडून रस्त्यावर आली. त्यांच्या पुढाऱ्यांत या शिबिरातून आलेली मुलं होती. लिंकन हायस्कूलची पॉला क्रिसोस्तोमो त्यांपैकीच एक. कास्त्रो यांच्यासह तेरा जणांना अटक झाली, कास्त्रोंना वर्गावरून काढलं, तेव्हा पालक आणि विद्यार्थी शाळा मंडळाच्या कार्यालयात ठाण मांडून बसले आणि त्यांना परत घ्यायला लावलं. खटलाही पुढे टिकला नाही. त्या शिबिरांत ‘आत्मविश्वासाने कसं बोलावं’ एवढंच शिकवलं असतं, तर हे घडलं असतं असं मला वाटत नाही.

न्यूयॉर्कमध्ये आंतोनिया पांतोहा यांनी १९६१ मध्ये पोर्तो रिकन मुलांसाठी ‘आस्पिरा’ उभी केली. तिथे शाळाशाळांत क्लब असतात. आधी परिस्थितीची जाणीव, मग तिचं विश्लेषण, मग कृती, असा त्यांचा क्रम. याच संस्थेने शहराच्या शिक्षण मंडळाला कोर्टात खेचलं आणि १९७४ मध्ये इंग्रजी कच्चं असलेल्या मुलांसाठी द्विभाषिक शिक्षणाची तडजोड मान्य करून घेतली.

तुमच्या जवळचं नाव म्हणजे ‘नॅशनल हिस्पॅनिक इन्स्टिट्यूट’, लॅटिनो मुलांची नेतृत्व शिबिरं भरवणारी संस्था. एर्नेस्तो निएतो यांनी १९७९ मध्ये टेक्सासमध्येच ती सुरू केली, मुख्यालय मॅक्सवेलला. नववीच्या मुलांसाठी ‘ग्रेट डिबेट’ असतो, त्यात वादविवाद आणि वक्तृत्व आहे, आणि स्पॅनिशमधूनही उतरता येतं. तुमच्या मुलींच्या वयाला ‘लोरेंसो दे साव्हाला युथ लेजिस्लेटिव्ह सेशन’, म्हणजे मुलांचं नमुना विधिमंडळ, बसेल. मुलं कॉलेजच्या आवारात राहतात, आपसांत निवडणुका लढवून गव्हर्नर, सभापती, न्यायाधीश निवडतात आणि आपल्या समाजासाठीचे प्रस्ताव मांडून मंजूर करून घेतात. निवडणुकीत पडलेल्या मुलालाही पुढचे दिवस काम करायचंच असतं, आणि मला ती गोष्ट फार मोलाची वाटते. फी भरावी लागते. त्यासाठी शाळेच्या काउन्सेलरला आणि गावातल्या लॅटिनो संस्थांना लवकर विचारा. ‘लुलॅक’ ही लॅटिनो नागरिकांच्या हक्कांसाठी काम करणारी संघटना १९२९ मध्ये टेक्सासच्याच कॉर्पस क्रिस्टीत स्थापन झाली, तिच्या स्थानिक शाखा अशा वेळी उपयोगी पडू शकतात.

‘तुमची निवड झाली आहे’ अशी झगझगीत पत्रं घरी येतात, त्यांपासून मात्र सावध राहा. हजारो डॉलर, एखाद्या मोठ्या शहरात हॉटेल, चार भाषणं, एक फोटो. आईवडिलांना वाटतं लेकीला मोठा मान मिळाला, आणि ते कर्ज काढतात. हे पाहून मला फार संताप येतो. अशा पत्रावर पैसे भरण्याआधी एकच विचारा: गेल्या वर्षी गेलेली मुलं आता काय करतायत, आणि त्यांच्याशी आम्हाला बोलता येईल का?

पैशापेक्षाही मोठी अडचण बहुतेक वेळा वेगळी असते. मुलीने सलग काही रात्री घराबाहेर राहायचं, हे अनेक आयांना पटत नाही. म्हणून फॉर्म पाठवण्याआधी घरी जा. स्पॅनिश बोलणारं कुणीतरी मोठं माणूस सोबत न्या. मुलीलाच दुभाषी करू नका, कारण लेकीच्या तोंडून आईला आपल्या खऱ्या शंका विचारता येत नाहीत. खोलीत कोण असेल, रात्री कोण लक्ष ठेवेल, फोन कधी करता येईल, हे आईला थेट विचारू द्या. आधी जाऊन आलेल्या मुलीची आई भेटली, तर निम्मं काम तिथेच होतं.

आणखी एक, नाजूक गोष्ट. १९८२ च्या प्लायलर विरुद्ध डो या टेक्सासच्याच खटल्यातल्या निकालामुळे शाळेचं दार अमेरिकेत राहण्याची कायदेशीर कागदपत्रं नसलेल्या मुलांनाही उघडं आहे, पण कॉलेजसाठीची केंद्र सरकारची आर्थिक मदत त्यांना मिळत नाही, आणि काही शिबिरांतही नागरिकत्वाची अट असते. मुलींना याबद्दल काही विचारू नका. अटी तुम्हीच आधी वाचा आणि ज्यात तो प्रश्न येत नाही, तेच अर्ज त्यांच्यापुढे ठेवा.

जमलं तर दोघींना एकाच शिबिराला पाठवा. परत आल्यावर शाळेत काही सुरू करायचं म्हटलं की एकटी मुलगी लवकर थकते. आणि मुख्याध्यापकांकडून एक खोली आणि आठवड्यातला एक तास आत्ताच मागून ठेवा, म्हणजे ऑगस्टमध्ये शाळा उघडली की त्यांना बसायला जागा असेल.